दिव्याबिगर न्हाई

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला शालननं जुनी जीप हौसेनं रंगवली, आणि रिव्हर्स टाकल्यावर लागणारा मागचा दिवा बंद पडला.

"बल्ब चांगला, वायरीत करंट हाय," उंब्रजचा धुळा मेस्त्री म्हणाला. "ऱ्हाऊ द्या वैनी. दिवसा हॉर्न पुरं हाय की."

"दिव्याबिगर जीप मागं जायची न्हाई." तिनं दिवा सोडवला आणि त्याच्या बुडाखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खिळ्यानं खरवडला. "माझ्याच रंगानं अर्थिंग तोडलं बगा. आता नुसती किल्ली फिरवा, रिव्हर्स टाका."

पांढरा दिवा लागला. शालनची चार वर्षांची तानी जीपमागं भातुकली मांडून बसली होती; तिनं तो बघितला, बोळकी परकरात भरली आणि ओट्यावर जाऊन पाठमोरी बसली.

"लय शानी गं!" धुळानं कौतुकानं लांबलचक हॉर्न दिला.

अंगणातल्या कोंबड्या दचकून उडाल्या; तानीनं वळूनही बघितलं नाही.