नसलेला प्रोग्राम

प्रोग्रामच्या पोटात डोकावून चुका शोधणारा डीबगर टीमलीडने लिहिला होता, आणि त्याच्या टीममधल्या एका प्रोग्रामर बाईच्या मते तो डीबगर ठार मठ्ठ होता. कुणी काहीही सांगावं, यानं मान डोलवावी. त्याला उघडं पाडायला तिने खोटी माहिती रचणारं टूल लिहिलं: नसलेल्या प्रोग्रामच्या नसलेल्या ओळी, नसलेले आकडे.

"तुमच्या लाडक्याची आज परीक्षा," ती फोनवर म्हणाली. "मागे प्रोग्रामच नाहीये. 'आकडा मिळत नाही' एवढं बोलला तरी घोडं गंगेत न्हालं."

"बोलेल हो," टीमलीड म्हणाला.

खोट्या आकड्याला तिने सहजच नाव दिलं, 'श्वास'. शेजारी पाळण्यात तिची चार महिन्यांची लेक दुपारची झोपली होती.

डीबगरने बेधडक १२ दाखवले.

"मारली थाप," तिने नाक मुरडलं.

मग १३ झाले. मग १४. तिची नजर पाळण्याकडे गेली. लेकीची छाती वर आली की आकडा एकाने वाढत होता. लेक झोपेत क्षणभर अडखळली, आकडाही अडखळला.

"अहो, हे कशाला जोडलंय तुम्ही?"

"कशाला जोडणार? प्रोग्रामच नाही म्हणालात ना."

ती घाईघाईने डीबगर बंद करायला गेली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: 'प्रोग्राम अजून चालू आहे. बाहेर पडल्यास तो मारला जाईल. बाहेर पडायचं? (एंटर = हो)'

हा प्रश्न ती रोज न वाचताच एंटर दाबून उडवून लावायची. आजही बोट सवयीने एंटरवर टेकलं होतं.