मालन टेंभुर्णीकर यांचा स्मृतिदिन

सोलापूरच्या एका रेडिओ केंद्रावर आरोही रोज दुपारी गायकांचे वाढदिवस आणि स्मृतिदिन सांगायची. आज तिने मालन टेंभुर्णीकर यांची एकमेव रेकॉर्ड लावली आणि म्हणाली, "या गायिकेला जाऊन आज पन्नास वर्षं झाली."

गाणं संपायच्या आत स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी दबक्या आवाजात बोलत होती.

"ही तारीख तुमाला कुनी दिली?"

"रेकॉर्ड कंपनीकडे मालनताईंच्या वडिलांचं पन्नास वर्षांपूर्वीचं, आजच्याच तारखेचं पत्र आहे. मुलगी आता राहिली नाही, असं लिहिलंय त्यात. आपण कोण?"

"मालन."

तेवढ्यात फोनवर मागून पुरुषी आवाज आला, "कुनाशी बोलायलीस गं, सुनंदा?"

"राँग नंबर हाय." मागची पावलं लांब गेली.

"आजी, माफ करा. तुम्ही जिवंत आहात, हे मी आत्ताच सगळ्यांना सांगते."

"नगं, बाई! गानारी सून नको, हीच अट हुती यांच्या घरची. सासूनं ताटातल्या तांदळावर माजं नवं नाव लिवलं, आन वडलांनी त्याच दिवशी कंपनीला पत्र टाकलं."

"मग निदान तारीख तरी दुरुस्त करते."

मागे टाळ्या सुरू झाल्या. नातवंडं ओरडत होती, "आज्जी, ये की! आजोबा सुरी घिऊन थांबलेत, केक कापायचाय!"

"तारीख बराबर हाय, पोरी," म्हातारी म्हणाली. "हितं आमच्या लग्नाची पन्नास वर्सं साजरी करायलेत."