शॉटमधला म्हातारा

शांती नगरात घरी बसून व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या उदयला इफेक्ट्सपासून कामापर्यंत सगळं एकाच वेबसाइटवर मिळायचं. तिथेच हे काम आलं. तारोडीच्या किनाऱ्यावरचा शॉट, होडीजवळ लाल टोपीवाला एक म्हातारा. "चुकून आलाय, उडवून टाका," काम देणाऱ्या पार्टीने एवढंच लिहिलं होतं.

उदयने म्हाताऱ्याला असा उडवला, की वाळूवर सावलीसुद्धा उरली नाही. एवढं सफाईदार काम दाखवल्याशिवाय राहवतंय कुठे? 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही शॉट शेजारीशेजारी लावून त्याने त्याच वेबसाइटवर टाकले. वाहवा झाली. व्हिडिओ फिरत फिरत तारोडीच्या सुलू नावाच्या मुलीपर्यंत पोचला आणि खाली तिची कमेंट आली, "ह्यो माजा बापूस हाय. आठ दिस झाले, घरी आला न्हाय. तुमाला ह्यो शॉट कोनी दिला?"

 उदय पार्टीचं नाव बघायला गेला, तर त्याच पार्टीने आत्ताच नवीन काम टाकलं होतं. "सोपं आहे. एक माणूस उडवायचाय."



सोबतच्या शॉटमध्ये उदय स्वतःच्या बिल्डिंगच्या गेटमधून आत येत होता. आत्ता अंगात होता, त्याच शर्टात.