दहापैकी दहा

हिंदुराव गाडी लावायला गेले, तेवढ्यात वत्सलाबाईंनी काउंटरवरच्या जुन्या, खिशात मावणाऱ्या पिस्तुलाकडे बोट केलं. "एवढं स्वस्त का हो?"

दुकानदार ओशाळला. "वहिनी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? गोळी अडकते. तीन मालकांनी परत आणून विकलं."

"नेहमीच अडकते?"

"सकाळी वाळूच्या पोत्यावर दहादा चाप ओढला. एकही सुटली नाही."

वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. लायसन्स मिळाल्यापासून तर धाकट्या भावाचं नाव निघालं, की हात आपोआप रिकाम्या खिशाकडे जायचा. आणि दिवाळीत तोच भाऊ वाटणी मागायला येणार होता.

"हेच बांधा," त्या घाईनं म्हणाल्या.

हिंदुराव आत आले. "भरवशाचं आहे ना गं?"

"अगदी! दहापैकी दहा."