कमरेवरचा निळा खडू

खोटं सांगत नाही, आमच्या शिंपीमास्तरांइतका संशयी नवरा मी दुसरा पाहिला नाही. नाचाच्या सिनेमाचा पहिला भाग गाजला आणि त्यातल्या नायिकेशी मास्तरांचं लग्न झालं. आता दुसऱ्या भागात बायको त्याच नायकाबरोबर साल्सा नाचणार, म्हटल्यावर मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

साल्सात पुरुषाचा हात बाईच्या पाठीवर हवा, कमरेवर नको, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. सिनेमाचे कपडे शिवायचं काम त्यांच्याकडेच. म्हणून शूटिंगच्या सकाळी सेटवरच्या शिवणखोलीत बसून त्यांनी बायकोच्या लाल झग्याच्या कमरेवर तळहाताने निळा खडू चोळला. नाच संपताच बाही मोजायच्या निमित्ताने नायकाचे तळवे उलटसुलट पाहिले. स्वच्छ! मास्तर शीळ घालत घरी आले.

दारात बायको उभी, एका पायावर.

"पाय मुरगळला, म्हणून मी सकाळीच परतले. पाठमोरं दृश्य होतं, तेव्हा माझा झगा घालून बदलीची नर्तकी नाचली. आत्ताच फोन आला तिचा. झग्याच्या कमरेवर कुणाच्या तरी हाताचे निळे ठसे आहेत म्हणे."

"कोण तो हलकट?" मास्तर गरजले.

"तेच बघतेय. हात पुढे करा बरं तुमचे."