डावीकडून तिसरं चित्र

"या म्हाताऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत चित्रकाराने सगळा समुद्र साठवलाय," रंगारी एका दमात म्हणाला. समोरच्या चित्रात एक गुबगुबीत बाई मांजराला कुरवाळत बसली होती.

टेलरबाईंनी चित्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "असं होय," त्या म्हणाल्या.

रंगाऱ्याचं चित्राकडे लक्षच नव्हतं. तो टेलरबाईंचा चेहरा वाचत होता. सहा वर्षं बायकोविना काढलेल्या या माणसाचं लग्न आज ठरायचं होतं, नाहीतर मोडायचं होतं. टेलरबाईही एकट्याच. दोन्ही घरच्यांनी मिळून गाठ घालून दिली होती. दोनदा भेटी झाल्या होत्या, आणि "पुढच्या भेटीत काय ते सांगते," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. होकार की नकार, आवाजावरून काही अंदाज लागेना. आज सकाळपासून पाऊस कोसळत होता, म्हणून रंगकाम बंद होतं. टेलरबाईंनीही शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं होतं.

संग्रहालयात जायचं डोकं सूनबाईचं. "हॉटेलात नको, बाबा. तुम्ही चहाचे भुरके मारता," ती म्हणाली होती. नुसतं सुचवून ती थांबली नाही. तिने माहितीपुस्तिका आणली आणि चार दिवस सासऱ्याला समोर बसवून उजळणी घेतली. दुसरं दालन, डावीकडून तिसरं चित्र, म्हातारा कोळी. चौथं, घोड्यावरचा सरदार. पाचवं, वादळातलं जहाज. छपन्नाव्या वर्षी रंगारी शाळकरी पोरासारखा पाढे घोकत होता.

"आणि हा घोडा बघा," तो चौथ्या चित्राशी येऊन म्हणाला. "त्याच्या नाकपुड्यांतली वाफ आपल्या अंगावर येतेय असं वाटतं."

"कुठला घोडा?" टेलरबाईंनी हळूच विचारलं.

आता मात्र रंगाऱ्याने मान वळवली. चित्रात एक वाडगा होता, वाडग्यात पाच पेरू.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराला हसू आवरेना. "काका, मागच्या आठवड्यात दालन रंगवून घेतलं. परत लावताना चित्रांच्या जागा बदलल्या. घोडा हल्ली वरच्या मजल्यावर असतो."

रंगाऱ्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी काही दुभंगेना, तेव्हा त्याने खरं सांगून टाकलं. "सुनेने पाठ करून घेतलं होतं. मला चित्रांतलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला वाटायला नको, की नुसता भिंती रंगवणारा आहे. पण आहे बुवा. आणि भिंत म्हणाल तर ही..."

तो बोलता बोलता थांबला. पेरूंच्या चित्राखाली भिंतीचा रंग बोटभर फुगला होता. इतर कुणाला तो दिसलाही नसता. रंगारी खाली वाकला, मुठीच्या उलट्या बाजूने भिंत ठोकली. वर ठोकली. आवाज बदलला. चार दिवस घोकलेली पुस्तिका त्याच्या डोक्यातून कुठल्या कुठे पळाली, आणि पाठ एकदम ताठ झाली.

"हे चित्र उतरवा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"काका, हात लावायची परवानगी नाही."

"मी नाही लावत, तुमच्या साहेबांना बोलवा. ओल्या भिंतीवर रंग मारलाय कुणीतरी. मागून पाणी येतंय. पळा!"

रखवालदार खरंच पळाला. साहेबीणबाई आल्या, कपाळाला आठ्या घालूनच आल्या. चित्र उतरवलं, तशा आठ्या गेल्या आणि तोंडचं पाणीही पळालं. चित्रामागची भिंत काळी पडली होती आणि तिच्यावरून थेंब ओघळत होते. चित्राच्या कापडाच्या खालच्या कडेला ओल नुकती लागली होती. पेरू थोडक्यात वाचले. साहेबीणबाईंनी रंगाऱ्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. मग तासभर त्याने दालनातली एकूण एक भिंत ठोकून पाहिली आणि आणखी दोन चित्रं खाली उतरवायला लावली. कुठे खरवडायचं, किती दिवस वाळू द्यायचं, सगळं तो सांगत होता. टेलरबाई त्याची पिशवी धरून मागे मागे फिरत होत्या.

"इकडे या जरा," शेवटी त्यांनीच त्याला मांजरवाल्या बाईपाशी ओढत नेलं. "हिच्या झग्याच्या बाह्या बघा. डावी उजवीकडे बसवलीय. मघापासून सांगेन म्हणते, पण तुम्ही समुद्रात होता. हिने हात वर केला ना, की काखेत टरकन फाटेल."

"म्हणून बिचारी मांजर धरून बसलीय," रंगारी म्हणाला.

दोघं इतकी हसली की रखवालदाराला तोंडावर बोट ठेवावं लागलं. मग ती दोघं वरच्या मजल्यावर घोडा बघून आली. सरदाराची शिवणही टेलरबाईंना पसंत पडली नाही.

बंद व्हायची घंटा झाली. दाराशी येईपर्यंत रंगाऱ्याचं हसू मावळलं. बाहेर पाऊस धो धो पडतच होता. त्याने पिशवी परत घेतली, घसा खाकरला. "ते... तुम्ही आज सांगणार होता."

टेलरबाईंनी छत्री उघडली. "मीसुद्धा पाठ करूनच आले होते," त्या म्हणाल्या. "नकार. 'तुम्ही माणूस चांगले आहात' इथपर्यंत आठवतंय. पुढचं विसरले बघा."