भामाचं गाऱ्हाणं

मिठबावच्या दाजी तांडेलाचा दिवस चिंतेनंच उजाडायचा. तुळशीपुढे हात जोडून तो गाऱ्हाणं घालायचा, "बा म्हाराजा, वारो फिरलो तर? जाळा फाटला तर?" घरचे मागून म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" या धास्तीपायीच त्यानं लेकीची शाळा सोडवायचं ठरवलं होतं. आज त्याचा घसाच बसला आणि लेक, भामा, परकर खोचून पुढे झाली. "चेडवान गाऱ्हाणा घालूचा नसता गो!" मुलीच्या जातीला पुढे झालेलं बघून आई खेकसली. दाजीनंच 'घाल' म्हणून खुणावलं. भामानं खणखणीत आवाज लावला, "बा म्हाराजा, आज वारो बरो आसा!" "व्हय म्हाराजा!" "होडी सुरमयेन भरान येतली!" "व्हय म्हाराजा!" आईचाही सूर चढला. "भामा मॅट्रिक होतली!" "व्हय म्हाराजा!" बसलेल्या घशातूनही दाजीचाच आवाज मोठा. लगेच त्यानं जीभ चावली. आई हसली, "देवाक व्हय म्हणालात, आता आमका नाय कसे म्हणतलात?"